बास ड्रमसाठी माइक: आधी जागा, मग मॉडेल

ड्रमसेटमधल्या, पायाने वाजवायच्या बास ड्रमच्या मायक्रोफोनांची तुलना बहुधा एकाच पद्धतीने केली जाते. सगळे माइक आळीपाळीने पुढच्या पडद्याच्या भोकात अर्धे आत सरकवायचे, प्रत्येकाचे थोडे मुद्रण करायचे आणि ज्याचा ठोका सर्वांत भरदार वाटेल त्याला पहिला क्रमांक द्यायचा. अशा तुलनेतून त्या एका जागेशी कोणत्या माइकचे जुळते एवढेच कळते. या कामासाठी बनवलेले बरेचसे माइक कारखान्यातूनच ठरावीक वळण घेऊन येतात: खालचे स्वर उचललेले, मधले दाबलेले, वरच्या भागात पुन्हा उंचवटा. हे वळण देताना माइक कुठे ठेवला जाईल याचा अंदाज निर्मात्याने बांधलेला असतो. त्या अंदाजाशी आपली जागा जुळली तर माइक उत्कृष्ट वाटतो, आणि नाही जुळली तर तोच माइक निराश करतो. म्हणून या परीक्षणात मी जागेपासून सुरुवात केली आहे आणि प्रत्येक माइक त्याला मानवणाऱ्या जागी ऐकून मगच मत दिले आहे. ऐकण्यापूर्वी सर्व मुद्रणांची पातळी सारखी करून घेतली होती, कारण खालच्या स्वरांच्या बाबतीत जे थोडे मोठ्याने वाजते ते कानाला हमखास चांगले वाटते.

प्रचारातला 22 इंची, म्हणजे सुमारे 56 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम घेतला तर त्याच्या आवाजाचे तीन भाग वेगवेगळे ऐकू येतात. पडदे आणि आतली हवा यांचा मूळ स्वर साधारणपणे 50 ते 80 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि छातीत जाणवतो तो हाच. 300 ते 500 हर्ट्झच्या आसपास रिकाम्या खोक्यावर थापटल्यासारखा पोकळ आवाज साठतो. 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये बीटर, म्हणजे पायाच्या पेडलवरचा ठोकळा, पडद्यावर आदळल्याची टकटक असते. अनेक वाद्यांच्या गर्दीत, विशेषतः छोट्या स्पीकरवर, बास ड्रम ओळखू येतो तो या तिसऱ्या भागामुळे, कारण त्या स्पीकरमधून 60 हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही.

माइकची जागा बदलली की या तिन्ही भागांचे प्रमाण बदलते. बीटरच्या पडद्यापासून 5 ते 8 सेंटिमीटरवर टकटक तीव्र होते आणि ठोका कोरडा, तुटक येतो. तिथे माइक बीटरच्या रेषेतून थोडा बाजूला सरकवला तर धार किंचित बोथट होते आणि पडद्याचा स्वर वाढतो. 20 ते 30 सेंटिमीटरवर, म्हणजे ड्रमच्या साधारण मध्यावर, तोल बरा साधतो; मात्र पोकळ आवाजही इथेच सापडतो, आणि माइक चार बोटे इकडेतिकडे हलवल्यावर त्याचे प्रमाण लक्षणीय बदलते. भोकाच्या अगदी तोंडाशी खालचा भाग मोठा मिळतो, पण प्रत्येक ठोक्याबरोबर हवेचा जो झोत बाहेर पडतो तो थेट माइकच्या पडद्यावर आदळतो आणि स्वराऐवजी एक फुगीर धक्का मुद्रित होतो. माइक भोकातून थोडा आत किंवा झोताच्या रेषेबाहेर घेतला की हा त्रास बराच कमी होतो. स्क्रीनवर लहर मोठी दिसते म्हणून तिला दमदार बास समजणे हा फार प्रचलित गैरसमज आहे.

एकेजी डी 112 हा या कामातला सर्वांत परिचित चेहरा. त्याचा पूर्वज डी 12 हा 1953 सालचा, आणि डी 112 ऐंशीच्या दशकात आला. 160 डेसिबलच्याही वरचा दाब तो विकृतीशिवाय सोसतो, त्यामुळे तो बीटरच्या जवळ नेताना चिंता नसते. त्याचा खालचा भाग भरीव आहे आणि 4 किलोहर्ट्झच्या आसपास ठळक उंचवटा आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की डी 112 मध्यावर किंवा भोकाच्या आतल्या बाजूला ठेवला तर अंतरामुळे हरवणारी टकटक तो स्वतः भरून देतो. तोच बीटरपाशी नेला तर टकटकीवर टकटक चढते आणि प्लास्टिकचा किंवा लाकडी बीटर असेल तर आवाज कानाला बोचू लागतो. फेल्टच्या बीटरशी त्याचे चांगले जमते. नव्या आवृत्तीत स्टँडची जोडणी माइकच्या अंगातच असल्याने ती हाताळायला सोपी झाली आहे.

शुअर बीटा 52ए सुपरकार्डिऑइड आहे, म्हणजे तो मुख्यतः समोरचाच आवाज उचलतो आणि बाजूने येणारा स्नेअर व टॉम या शेजारच्या ड्रमांचा आवाज अधिक चांगला अडवतो. फ्लोअर टॉम जवळ असेल तर हा फरक स्पष्ट ऐकू येतो. 174 डेसिबलपर्यंतची त्याची क्षमता गरजेपेक्षा जास्तच आहे. त्याचा रिस्पॉन्स, म्हणजे तो पकडतो त्या स्वरांचा पल्ला, 10 किलोहर्ट्झपर्यंतच जातो, पण बास ड्रमसाठी ही उणीव नाही. वर मुख्यतः झांजांची गळती असते, ती न आलेलीच बरी.

ऑडिक्स डी 6 विषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण याच्या वळणाला टोकाचा स्वभाव आहे. 60 हर्ट्झजवळ मोठा उठाव, मध्य खोल दाबलेला, आणि वर पुन्हा तीव्र चढण. भोकात सरकवून बटण दाबले की तयार झालेला, इक्यू (स्वरांच्या पट्ट्यांची कमीजास्ती) केल्यासारखा ठोका मिळतो. रंगमंचावर, जिथे मांडणीला वेळ नसतो, तिथे हा गुण अमूल्य आहे, आणि वेगवान डबल पेडलच्या संगीतातही तो नेमका बसतो. मुद्रणाच्या खोलीत मात्र मला तो अडचणीचा वाटतो. मधला भाग माइकनेच इतका कापलेला असतो की पुढे मिश्रण करताना ड्रमचे लाकूड, त्याचा आकार, वादकाच्या पायाची नजाकत यांतले काही परत आणायचे म्हटले तरी हाती फारसे लागत नाही. जागा बदलूनही आवाज तुलनेने कमी बदलतो, कारण माइकचे वळण जागेवर मात करते. ज्याला तोच आवाज हवा आहे त्याच्यासाठी डी 6 निःसंशय योग्य आहे. ज्याला ड्रम ऐकायचा आहे त्याने दुसरीकडे पाहावे.

इलेक्ट्रो-व्हॉइस आरई 20 हा 1968 सालचा माइक बास ड्रमसाठी बनवलेला नाही. नभोवाणीच्या निवेदकांचा माइक म्हणूनच तो प्रसिद्ध आहे. तरीही मुद्रणासाठी एकच माइक निवडायचा झाला तर मी हाच निवडेन, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. साधा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक आवाजाच्या उगमाजवळ नेला की त्याचे खालचे स्वर आपोआप वाढतात. यालाच प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. म्हणजे असा माइक बीटरकडे 10 सेंटिमीटर सरकवला की एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात: टकटकीचे प्रमाण बदलते आणि माइकचा स्वतःचा बासही बदलतो, आणि ऐकू आलेला फरक नेमका कशामुळे आला हे सांगणे कठीण होते. आरई 20 मध्ये व्हेरिएबल-डी ही रचना आहे. माइकच्या अंगभर असलेल्या फटींमधून मागचा आवाज वेगवेगळ्या अंतरांवरून आत घेतला जातो आणि त्यामुळे हा परिणाम फारच थोडा उरतो. तो ड्रममध्ये सरकवत जाताना जे बदलते ते ड्रमचेच असते. जागा शोधण्याचे काम इतके प्रामाणिकपणे करू देणारा दुसरा माइक या यादीत नाही.

त्याच्या अडचणीही ध्यानात घ्याव्यात. वजन सुमारे पाऊण किलो आहे आणि लांबी मोठी आहे, त्यामुळे हलका बूम स्टँड हळूहळू खाली झुकतो आणि मुद्रण चालू असताना जागा नकळत बदलते. वजनदार तळाचा, आखूड दांड्याचा स्टँड वापरावा. ड्रममध्ये ठेवलेली उशी किंवा घोंगडी त्याच्या अंगावरच्या फटींना टेकू देऊ नये, नाहीतर ज्या रचनेसाठी तो घेतला तीच निकामी होते. त्याचा रिस्पॉन्स 45 हर्ट्झपासून सुरू होतो, म्हणून 24 इंची, खूप खाली लावलेल्या ड्रमचा अगदी तळ त्यात थोडा कमी येतो. आणि बास कमी करणारे बटण चालू नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

हीच तपासणी झेनहायझर एमडी 421 लाही लागू आहे, कारण त्याच्या मागच्या बाजूला बास कमी करणारी पाच टप्प्यांची कडी असते आणि ती एका टोकाला म्युझिक, दुसऱ्या टोकाला स्पीच अशी फिरते. स्पीचकडे वळलेली राहिली तर ड्रमचा तळच जातो. एरवी टॉमवरही चालणारा, मध्य राखणारा हा सरळ माइक आहे आणि ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी बास ड्रमसाठी दुसरा घेण्याची घाई करू नये.

शुअर बीटा 91ए ची जात वेगळी. हा सपाट बाउंड्री माइक (पृष्ठभागावर ठेवून वापरायचा) कंडेन्सर जातीचा असल्यामुळे त्याला फँटम पॉवर (केबलमधूनच दिली जाणारी वीज) लागते. स्टँड लागत नाही. ड्रमच्या आत उशीवर तो आडवा ठेवायचा. बीटरची टकटक तो अत्यंत स्वच्छ पकडतो आणि 400 हर्ट्झला 7 डेसिबल कमी करणारे बटण त्याच्यावर दिलेले आहे, ज्यामुळे पोकळ आवाजाचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. एकटा वापरला तर मात्र मला त्याचा आवाज चपटा वाटतो. त्याची खरी जागा जोडीत आहे: हा आत, आणि 52ए किंवा डी 112 भोकाशी.

पुढच्या पडद्याला भोकच नसेल, जसे जॅझमध्ये बहुधा असते, तर वर लिहिलेले पुष्कळसे बाजूला ठेवावे लागते. अशा ड्रमला लांब, गाता स्वर असतो आणि तो पडद्यापासून थोडे अंतर राखल्याशिवाय मिळत नाही. न्यूमनचा यू 47 एफईटी या जागेसाठी नावाजलेला आहे. पडद्यापासून 20 ते 40 सेंटिमीटरवर, मध्यबिंदूच्या किंचित बाजूला, 10 डेसिबलचे पॅड (पातळी कमी करणारे बटण) चालू करून तो ठेवला तर मिळणारा आवाज मोठा आणि नैसर्गिक असतो. मात्र तिथे स्नेअर आणि झांजाही येतात, म्हणून माइक आणि ड्रम यांच्यावर जाड ब्लँकेटचा बोगदा करण्याची पद्धत आहे. डी 6 या जागी साफ अपयशी ठरला. आरई 20 ने आपली प्रतिष्ठा राखली.

उशी आणि घोंगडी यांचा उल्लेख आला आहे, तर हेही सांगितले पाहिजे की कापड दोन्ही पडद्यांना जितके टेकेल तितका स्वर आखूड होतो, आणि हा बदल कोणत्याही दोन माइकांतील फरकापेक्षा मोठा असतो. 1966 साली ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी बीटल्सचे ड्रमवादक रिंगो स्टार यांच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक तेव्हाच्या रिवाजापेक्षा पुष्कळ जवळ आणला. आज सर्वत्र ऐकू येणारा आखूड, जवळचा ठोका रूढ होण्यात त्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. ड्रमचे ट्यूनिंग, बीटर आणि आतले कापड ठरल्याशिवाय माइकविषयी मत बनवणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे.

यामाहाचे सबकिक हे उपकरण, म्हणजे छोट्या ड्रमच्या कवचात बसवलेला, उलट म्हणजे माइकसारखा वापरलेला स्पीकर, स्वतंत्र माइक म्हणून घेऊ नये. तो फक्त तळ देतो, आणि तोही बऱ्याच अंशी स्पीकरच्या शंकूचा स्वतःचा. ड्रममध्ये तळ मुळातच कमी असेल तर थोडासा मिसळायला तो बरा.

दोन माइक लावले की अंतराचा हिशेब करावा लागतो. आतला माइक आणि बाहेरचा माइक यांत 45 सेंटिमीटर अंतर असेल, तर 343 मीटर प्रति सेकंद या वेगाने आवाजाला ते कापायला सुमारे 1.3 मिलिसेकंद लागतात. 60 हर्ट्झला हा फरक जेमतेम 28 अंशांचा, म्हणून तळाला फारसा धक्का बसत नाही. 380 हर्ट्झच्या जवळपास मात्र तो अर्ध्या आवर्तनाचा होतो आणि दोन्ही माइकांतले ते स्वर एकमेकांना खोडतात. योगायोगाने पोकळ आवाज याच भागात असतो, त्यामुळे संगणकात दोन्ही लहरी नेमक्या जुळवल्यावर ठोका आधीपेक्षा वाईट वाटू शकतो. लहरी डोळ्यांनी जुळवण्याआधी न जुळवलेली जोडी नीट ऐकावी, आणि मगच हात लावावा.

बीटरच्या बाजूने, म्हणजे वादकाच्या पायापाशी तिसरा माइक ठेवण्याची पद्धत टकटकीसाठी उपयोगी आहे. तिथला पडदा ठोक्याच्या क्षणी माइकपासून दूर जातो, तर आतल्या माइककडे तो येतो. म्हणून या माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करणे ही अपवादाची गोष्ट नसून नेहमीची आहे. ओव्हरहेडशी, म्हणजे ड्रमसेटच्या वर लावलेल्या माइकांशी, मात्र असा ठाम नियम नाही. ते दीड मीटरवर असतील तर 60 हर्ट्झला साधारण पाव आवर्तनाचा फरक पडतो आणि उलट व सुलट या दोन्हींत तळ सारखाच वाटू शकतो. अशा वेळी पोलॅरिटीच्या बटणाशी खेळत बसण्यापेक्षा ओव्हरहेड 20–30 सेंटिमीटर वरखाली करून दोन्ही स्थितींत पुन्हा ऐकावे, आणि बास ड्रमचा ट्रॅक बंद केल्यावर तळ जिथे सर्वांत जास्त कोसळतो ती मांडणी ठेवावी.