पक्कड आधी की टॉर्च आधी? तारकाम आणि झाळकाम यांतली निवड

घरच्या घरी हाताने दागिने घडवू पाहणाऱ्याने तार वळून, वेढे देऊन बांधण्याच्या कामापासून सुरुवात करावी की थेट झाळायला शिकावे, हा प्रश्न बहुधा खर्चाच्या अंगाने विचारला जातो. माझ्या मते तो जोडाच्या अंगाने विचारायला हवा. तारकामात जोड तारेच्या ताठपणावर टिकतो, तर झाळकामात डाख, म्हणजे जोडासाठी वापरायचा मिश्रधातू, वितळून फटीत शिरतो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

तारकामाची हत्यारे एका डब्यात मावतात: गोल नाकाची पक्कड, चपट्या नाकाची पक्कड, कटर आणि बारीक कानस. मण्यातून बाहेर आलेली तार मण्याच्या दोन मिलिमीटर वर काटकोनात वाकवायची, गोल पक्कडीवर तिची कडी वळायची आणि उरलेल्या टोकाचे त्या दोन मिलिमीटरच्या मानेभोवती दोन-तीन घट्ट वेढे घेऊन ते कापायचे, एवढी एक कृती हातात बसली की निम्मे तारकाम आले. कापलेले टोक मात्र आत दाबावेच लागते, नाहीतर ते पहिल्याच समारंभात पैठणीच्या पदराचा धागा ओढते.

शिकण्यासाठी तांब्याची तार घ्यावी. ती चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त असते, शिवाय पितळेपेक्षा नरम असल्यामुळे हाताचे ऐकते. चौकटीला 0.8 मिलिमीटर आणि वेढ्यांना 0.4 मिलिमीटर जाडी पुरते. दुकानात गेजऐवजी (तारेच्या जाडीच्या क्रमांकाऐवजी) मिलिमीटरमध्ये मागणी करावी, कारण 20 गेज म्हणजे अमेरिकी मापात 0.81 मिलिमीटर, तर ब्रिटिश मापात 0.91 मिलिमीटर. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून मी एकदा गेज सांगून तार आणली आणि ती एकाही मण्यात शिरेना. वर तिच्यावर इन्सुलेशनचा लेप होता, तो निराळाच. कानात घालायच्या आकड्यांना मात्र तांबे नको, 925 चांदी (हजार भागांत 925 भाग चांदी) वापरावी. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाला भुलू नये, कारण त्यात चांदी मुळीच नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते, आणि निकेल पुष्कळांच्या कानांना सोसत नाही.

झाळकामाचा पसारा मोठा आहे. लहान गॅस टॉर्च, उष्णता सोसणारी वीट, टाकणखार (जोड स्वच्छ ठेवून डाख वाहू देणारा बोरॅक्स), चिमटे, डाखाचे तुकडे आणि हवा खेळती असलेली जागा, एवढे तरी हवेच. चांदीच्या डाखात चांदी, तांबे आणि जस्त असते आणि ते चांदीच्या आधी वितळते. नवखा माणूस ज्योत नेमकी डाखावर धरतो, मग डाखाची गोळी होऊन ती बाजूला घरंगळते. तापवायचा असतो तो दागिना, आणि दोन्ही बाजू सारख्या तापल्या की डाख आपोआप फटीतून पाण्यासारखा धावतो. तो चमकता धागा दिसताक्षणी ज्योत हटवली नाही, तर बारीक तारेचे काम डोळ्यांदेखत आक्रसून गोळा होते. मुळात फटच रुंद असेल, तर कितीही डाख घातला तरी ती धड भरत नाही. डाख कॅडमियमविरहितच घ्यावा. सोन्याच्या दुकानांवरच्या पाट्यांतून परिचित झालेले ‘केडीएम’ हे नाव या कॅडमियमवरूनच आले आहे आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

रोज घालायची अंगठी, साखळीच्या कड्या आणि ओढाताण सोसणारे कोणतेही काम झाळलेलेच असावे, कारण तारेचे वेढे रोजच्या वापरात हळूहळू सैल होतात. कटकची तारकशीही नावाने तारेची असली तरी प्रत्यक्षात झाळकामच आहे: पिळलेल्या बारीक तारा चौकटीत बसवून त्या डाखाने पक्क्या केल्या जातात. याउलट मोती, पोवळे आणि फिरोजा यांना ज्योत सोसत नाही, तेथे तारच सोयीची पडते. मोत्यांची नथ पाहिली की हे लगेच पटते, कारण तिच्यातले मोती बारीक तारेनेच बांधलेले असतात, आणि एखादा निसटला तर गाठवणारा तेवढीच तार सोडवून नवा मोती बसवून देतो.

म्हणून मण्या-मोत्यांचे काम करायचे असेल त्याने बेधडक पक्कड घ्यावी. ज्याला अंगठ्या करायच्या आहेत त्याने तारकामात वर्ष घालवू नये. पण पक्कडवाल्यालाही टॉर्च पुढेमागे लागतोच. वळून वळून तांब्याची तार कडक होते आणि ऐन शेवटच्या वेढ्याला तुटते. ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा नरम पडते, मात्र हे मोती ओवण्याआधी करायचे असते.