बाणांना पीयू वॉर्निश: एक पावसाळा काढल्यानंतर

जिल्हा निवडीला चार दिवस राहिले होते आणि लेकीच्या दोन बाणांना ओरखडे पडले होते, म्हणून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, वॉर्निशचा डबा काढला. झाकण निघेना. स्क्रू ड्रायव्हरने कडेकडेने उचकटलं, तर वर बोटभर जाड साय आणि खाली घट्ट गोळा. ५०० मिलीच्या डब्यातलं जेमतेम शंभर मिली वापरलेलं. बाकीच्या चारशे मिलीचं काय करायचं, हे कंपनीला विचारलं. त्यांनी काय सांगितलं ते पुढे लिहिते.

लेक तिरंदाजीतला इंडियन राउंड खेळते. बांबूचं धनुष्य, बांबूचेच बाण, ३० आणि ५० मीटरवरून नेम. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाल्यापासून आमच्या मैदानावर पोरांना त्यांच्यासारखं कंपाउंडच, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, हवंय, पण त्या सेटची किंमत बघता आमच्याकडे अजून काही वर्षं बांबू झिंदाबाद. कार्बनच्या बाणाला पावसाचं सोयरसुतक नसतं. बांबूचा मात्र जुलैत ओल धरतो, जड होतो, थोडा वाकतो, आणि मग बारा बाण बारा दिशांना.

मे महिन्यात दुकानदाराने तेलाधारित पीयू हातात ठेवलं. माझ्या मनात आधी उकळलेलं जवसाचं तेल होतं, कारण स्वस्त आणि फडक्याने चोळलं की झालं. एका जुन्या बाणावर लावून बघितलं, तर दमट हवेत त्यावर बुरशीचे ठिपके आले. शिवाय तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, सुकताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडते. कोणी वापरत असेल तर फडकी दोरीवर पसरून वाळवा, एवढं तरी करा.

लावण्याबद्दल दोनच गोष्टी. एक, काचपेपर फक्त गाठींवर चालवा. बांबूचे मजबूत धागे बाहेरच्या सालीलगत दाट असतात. गुळगुळीत दिसावं म्हणून सगळी दांडी घासणारे लोक बाणाची ताकदच घासून टाकतात. बाकी दांडीवरून ३२० नंबरचा नुसता हात फिरवायचा, साल मेणचट असते तेवढी चकाकी मोडण्यापुरता. दोन, कापलेल्या दोन्ही टोकांना जादा वॉर्निश पाजा. ओल अंगातून कमी, टोकांतून जास्त शिरते, आणि भुंगाही तिथूनच शिरतो. मी मलमलची घडी वॉर्निशमध्ये बुडवून पिळून घेते, चिमटीत दांडी धरून नॉकपासून (दोरी बसते ती मागची खाच) टोकापर्यंत एकाच ओढीत खेचते आणि बाण कपड्याच्या चिमट्याने तारेला टांगते. ब्रशपेक्षा बरं पडतं. ओघळ नाहीत, केस चिकटत नाहीत. असे पातळ तीन हात, मध्ये हलका काचपेपर.

पावसाळ्यात काम चोख झालं, हे कबूल करायला हवं. सोनाराकडच्यासारखा छोटा डिजिटल काटा घरात आहे. न लावलेले बाण जुलैत वजनाने वर गेले, पीयूचे जवळपास जागच्या जागी राहिले. कुठलंच वॉर्निश ओल पुरती अडवत नाही, तिचा वेग कमी करतं. पण चार सरींपुरता वेग कमी झाला तरी आमचं भागतं. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग पिसं सुटायला लागली. डब्यावर छापलंय, २४ तासांत वापरायला तयार. हाताला कोरडं लागतं हे खरं, पण पीयू आतून पक्कं व्हायला आठवडे लागतात आणि पावसाळ्यात आणखी जास्त. त्याआधी पिसं चिकटवायचा नेहमीचा सॉल्व्हंटवाला गोंद लावला की खालचा थर सुरकुततो. सरावात लेकीच्या बाणाचं पीस सुटलं ते खाली वॉर्निशची साल घेऊनच. त्या पट्टीवर बांबू उघडा दिसत होता.

हे चालवून घेतलं असतं, पण डब्याचं काय! हिशोब बघा. ७० सेंटिमीटर लांब, ८ मिलिमीटर जाड दांडी. डझनभर दांड्यांचं अंग मोजलं तर पाव चौरस मीटरही भरत नाही. तीन हात मिळून पन्नास मिली, वाया गेलेलं धरून साठ. म्हणजे एका डब्यात आठ-दहा डझन बाण. एवढे बाण आमच्या अख्ख्या क्लबात नाहीत! आणि एकदा उघडलं की डब्यात शिरलेली हवाच या वॉर्निशला सुकवायला पुरते. जितकं कमी वापराल तितक्या वेळा उघडाल, जितक्या वेळा उघडाल तितकी जाड साय. काटकसर करणाऱ्याला दंड बसवणारी वस्तू आहे ही.

कस्टमर केअरला फोन केला. आधी बिल मागितलं, मग झाकणाचा फोटो, मग बॅच नंबर. चौथ्या माणसाने विचारलं, "मॅडम, फर्निचर किती मोठं आहे?" बाण म्हटल्यावर पलीकडे शांतता. शेवटी उत्तर आलं की उघडलेल्या डब्याची जबाबदारी कंपनीची नाही, पण एक लिटरच्या पॅकवर दहा टक्के सूट देऊ. एक लिटरच्या!

त्यावर उपाय आहेत, ते मी केलेत. डबा उघडल्याच दिवशी सगळं छोट्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवायचं. किंवा डब्यात धुतलेल्या गोट्या टाकून पातळी वर आणायची, म्हणजे हवेला जागा उरत नाही. दोन्ही चालतं. पण वॉर्निश विकत घेऊन वर गोट्या मी का घ्यायच्या, हा माझा प्रश्न कायम आहे.

वैतागून कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, चपडा लाख भिजवा की. आमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच मारलं." चपडा म्हणजे लाखेच्या पातळ, कोरड्या पापड्या. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये लाख टाकायची, १०० मिलीला १५ ते २० ग्रॅम, आणि रात्रभर ठेवायची. पाव तासात हात सुकतो, एका दुपारी डझन होतं. ओरखडा पडला तर स्पिरिटचं फडकं फिरवा, जुना थर विरघळून नव्यात मिसळतो. गोंद छान धरतो. आणि साय येत नाही, कारण लाख फक्त स्पिरिट उडून सुकते. भिजवलेली लाख वर्षभरापेक्षा जास्त ठेवू नये, नंतर ती नीट कडक होत नाही. पण कोरडा चपडा डब्यात पडून राहतो, हवा तेवढाच भिजवायचा. हे गणित मला पटलं. दोष एकच, पावसाळी दिवशी लावली तर पांढरी पडते. ऊन बघून लावा.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आणि मथळ्यात लाखेला विजयी घोषित करायच्या बेतात होते. मग क्लबने पेंढ्याचे बट, म्हणजे बाण ज्यात रुततात ते निशाणामागचे जाड गठ्ठे, काढून थरांच्या फोमचे आणले. फोममध्ये बाण घुसतो तेव्हा घर्षणाने दांडी तापते आणि लाख ६५-७० अंशांनाच मऊ व्हायला लागते. बाण असा चिकटला की सरांनी पाय लावून ओढला. पुढच्या वीतभर भागावर फोमची राखाडी पुटं, साबण चोळूनही जाईनात. त्याच बटमध्ये पीयूचे जुने बाण सहज निघत होते. तेव्हा पीयूचे कापलेले गुण काही अंशी परत.

आता पूर्ण दांडीला लाख आणि पुढच्या २५ सेंटिमीटरला वरून पीयूचे दोन हात, असं चाललंय. यात एक खाच आहे. साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही, पापुद्रे निघतात. सुतारकाकांची युक्ती अशी की भिजवलेल्या लाखेची बरणी न हलवता दोन-तीन दिवस ठेवायची. गढूळ मेण तळाला बसतं, वर चहाच्या रंगाची निवळ येते. ती हळूच ओतून घ्यायची, पुढच्या भागाला तीच वापरायची. गाळ मागच्या भागाला चालतो.

आता एका डझनाला पीयू लागतं पंधरा-वीस मिली, आणि आमच्या दुकानात सगळ्यात लहान डबा अजूनही ५०० मिलीचाच. म्हणून पाच-सहा पालक मिळून एक घेतो. कोरड्या हवेचा रविवार बघून सगळ्यांचे बाण एकदम उरकतो आणि उरलेलं त्याच संध्याकाळी क्लबच्या खोलीच्या दाराला मारतो. दाराला आता चार हात झालेत. पीयूला पाचपैकी साडेतीन, डब्याला शून्य.