जुनी चांदी दाखवायची असेल तर सराफ बाजार गाठा
आजीचं फुलपात्र, गुलाबदाणी आणि एक किटली घेऊन नाशिकच्या सराफ बाजारात एका जुन्या पेढीवर गेलेलो, खरंच सांगतो फार मनापासून बघतात. आधी भिंगातून शिक्के, मग मशीनवर टंच म्हणजे चांदीची शुद्धता, कुठेही कापलं नाही की घासलं नाही. किटलीखाली ई.पी.एन.एस. होतं म्हणजे चांदी नाहीच, तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूवर नुसता चांदीचा मुलामा! इंग्लिश स्टर्लिंग चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा शिक्का असतो, त्यात ९२.५ टक्के चांदी, हेही त्यांनीच समजावलं. गुलाबदाणीचं नक्षीकाम बघून म्हणाले ही मोडीत घालू नका, अशा कामाला वजनापेक्षा जास्त किंमत मिळू शकते. विकायचंच असेल तर घट, म्हणजे वजनातली कपात, किती धरणार ते आधी विचारा, आणि प्लीज घासूनपुसून चकचकीत करून नेऊ नका, शिक्के झिजतात.