पॅनेल छतावर, अनुदान हवेत : सौर संच बसवताना झालेली फसवणूक

सातारा शहरातील आमच्या घरावर तीन किलोवॉटचा सौर संच बसवून देतो, केंद्र सरकारचे अनुदान मिळवून देतो आणि महावितरणची सगळी कागदपत्रेही आम्हीच करतो, असे सांगून एका एजंटाने माझ्या वडिलांकडून दीड लाख रुपये घेतले. पॅनेल छतावर चढले. मात्र नेट मीटर, म्हणजे घरात येणारी आणि घरातून बाहेर जाणारी अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर, बसले नाही, अनुदान आले नाही आणि माणूस फोन उचलेनासा झाला. सौरऊर्जेबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. ज्या गोष्टीकडे लोक विश्वासाने वळत आहेत, तिथेच असे लोक टपून बसलेले असतात, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

एजंटाचे सुरुवातीचे बोलणे सगळे खरे होते. ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, देशातील एक कोटी घरांवर सौर संच बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे, पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला 18,000 रुपये, म्हणजे तीन किलोवॉटला एकूण 78,000 रुपये अनुदान मिळते, हे त्याने अचूक सांगितले. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे आपल्याच जिल्ह्यातील गाव राज्यातील पहिले सौरग्राम ठरले, याचा उल्लेखही त्याने आवर्जून केला. त्याच्या मोबाइलवर योजनेचे चित्र होते, गळ्यात ओळखपत्र होते. एकूण खर्च 1,98,000 रुपये. त्यातले दीड लाख आधी आणि उरलेले अनुदान जमा झाल्यावर द्यायचे, असे ठरले. रक्कम मात्र कंपनीच्या खात्यावर न घेता त्याने यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर घेतली आणि त्याबदल्यात जीएसटी क्रमांक नसलेल्या कोऱ्या कागदावर ‘सौर साहित्यापोटी मिळाले’ एवढीच पावती दिली.

“काका, पोर्टलचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त वीजबिल आणि आधार कार्ड द्या,” असे तो म्हणाला. योजनेचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहकाच्या नावाने, त्याच्या ग्राहक क्रमांकावर आणि त्याच्याच मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरायचा असतो. आमच्या अर्जात वडिलांच्या मोबाइल क्रमांकाच्या जागी त्याने स्वतःचाच क्रमांक टाकला होता, त्यामुळे अर्ज कुठवर पोहोचला याचा एकही संदेश आमच्यापर्यंत आला नाही. वडिलांनी विचारले की तो म्हणे, “महावितरणकडे फाइल अडकली आहे.” प्रत्यक्षात दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जांना तांत्रिक मंजुरी आपोआप मिळते, त्या टप्प्यावर अडकण्यासारखी फाइलच नसते.

पॅनेल बसवल्यावरही नेट मीटर येईना, तेव्हा आम्ही एका परिचित वीज अभियंत्याला छतावर नेले. त्यांनी आधी पॅनेलच्या मागचे स्टिकर पाहिले. त्यावर 540 वॉट, एका भारतीय कंपनीचे नाव आणि ‘डीसीआर’ ही अक्षरे होती. स्टिकरचा एक कोपरा उन्हाने सुटला होता. त्यांनी तो नखाने उचलला, तर खाली दुसरेच लेबल निघाले. मग त्यांनी पुढच्या बाजूला काचेच्या आत दिसणारा अनुक्रमांक वाचून दाखवला. तो मागच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. सहाही पॅनेलची हीच गत होती. सूर्यघर योजनेचे अनुदान फक्त डीसीआर पॅनेलला, म्हणजे ज्यातील सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात तयार झाले आहेत अशांनाच मिळते. परदेशी सेलचे पॅनेल स्वस्त पडतात, आणि हा फरक एजंटाच्या खिशात जातो. संच चालत असला तरी अनुदानाचा मार्ग तिथेच बंद झालेला असतो. काचेच्या आतला क्रमांक बदलता येत नाही, त्यामुळे पॅनेल वर चढवण्याआधी, ते जमिनीवर असतानाच, हा क्रमांक मागच्या स्टिकरशी आणि बिलाशी ताडून पाहावा आणि त्याचे फोटो काढून ठेवावेत.

दुसरा धक्का वीजबिलाचा होता. एजंटाने महावितरणची परवानगी न घेता संच थेट घराच्या वायरिंगला जोडून दिला होता. साधा मीटर घराबाहेर जाणारी वीज वजा करण्यासाठी बनवलेला नसतो. काही इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. आमचे बिल कमी होण्याऐवजी वाढले ते याच कारणाने. शिवाय असा संच ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजवाहिन्यांना, जोडणे नियमबाह्य आहे आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाशी खेळ आहे. आम्ही तो त्याच दिवशी बंद केला.

“लाईट गेली तरी तुमच्या घरात उजेड राहील,” असेही आम्हाला सांगण्यात आले होते. हे अनेक घरांत सांगितले जाते, म्हणून स्पष्ट लिहितो. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड संच ग्रिडचा पुरवठा गेला की सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. बिल शून्य होईल हे वाक्यही तपासून घ्यावे, कारण वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो. याउलट एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, हा अंदाज प्रामाणिक आहे, आणि तीन किलोवॉटचा संच आमच्यासारख्या घराची गरज सहज भागवू शकतो. खऱ्या आकड्यांवरही हा व्यवहार फायद्याचाच ठरतो, मग खोटे सांगायचे कशाला, याची मला आजही चीड येते.

साताऱ्याचा पाऊस आणि वारा लक्षात घेता सांगाड्याकडे बारकाईने पाहायला हवे. आमच्याकडे गॅल्व्हनाइज्ड लोखंडाऐवजी चंदेरी रंग मारलेले साधे अँगल वापरले होते आणि ते काँक्रीटच्या ठोकळ्यांवर न उभारता स्लॅबलाच भोके पाडून बसवले होते. पहिल्याच पावसात माडीवरच्या खोलीत ओल उतरली. अर्थिंगच्या तारेचे दुसरे टोक तर कुठेच जोडलेले नव्हते.

आता शेजारीपाजारी विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना पैशांच्या टप्प्यांबद्दलच सर्वांत जास्त सांगतो. विक्रेत्याचे नाव पोर्टलवरील नोंदणीकृत यादीत आहे का, हे आधी स्वतः पाहावे. अर्ज आपल्याच फोनवरून, गरज पडल्यास घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला जवळ बसवून भरावा आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. विक्रेत्याशी लेखी करार करावा. त्यात पॅनेलची कंपनी, वॉट, डीसीआर असल्याची हमी, इन्व्हर्टरचे (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचे) मॉडेल आणि पाच वर्षांची देखभाल या गोष्टी नावानिशी असाव्यात. पैसे फक्त कंपनीच्या खात्यावर द्यावेत आणि मोठा हिस्सा नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवावा. अनुदान सरकारकडून थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, विक्रेत्यामार्फत नाही. त्यामुळे अनुदान सोडवण्यासाठी म्हणून कोणी आगाऊ रक्कम किंवा सही केलेला कोरा धनादेश मागत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. सोलर बंबाच्या बाबतीतही सावध राहा; सूर्यघर योजनेत तो येत नाही, तरी त्याच्या नावावर अनुदानाचे आमिष दाखवणारे फिरत असतात.

आम्ही ऑनलाइन रक्कम गेल्याची तक्रार 1930 या सायबर मदत क्रमांकावर नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला आणि राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या 1915 या क्रमांकावरही कळवले. पैसे गेल्यानंतर 1930 वर जितक्या लवकर कळवाल, तितकी खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही. आमची तक्रार आता आयोगापुढे आहे. यूपीआयचे उतारे, व्हॉट्सॲपवरील संभाषण, दोन्ही लेबलांचे फोटो आणि अभियंत्याचा लेखी अहवाल सोबत जोडला आहे. ज्यांची अशीच फसवणूक झाली असेल, त्यांनी दुरुस्ती किंवा नवीन काम सुरू करण्याआधी सगळे आहे त्या स्थितीत फोटोसह नोंदवून ठेवावे, कारण सांगाडा एकदा उतरवला की त्यातले बरेचसे सिद्ध करता येत नाही.