सातातली दोन नावं

केज तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीच्या आगेमागे निम्म्या घरांना कुलूप लागतं. उचल घेतलेली माणसं कोयता घेऊन कारखान्याला जातात, लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. त्या लेकरांसाठी मी आणि चार सोबती संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. संस्था नोंदवली तर पुस्तकांना मदत मिळेल, असं सगळेच म्हणायला लागले, म्हणून २०२२ साली मी बीडला गेलो.

संस्था आणि ट्रस्ट जिथं नोंदवतात त्या धर्मादाय कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक एजंट भेटला. "गुरुजी, आधार-पॅन तेवढे द्या. संस्था, ट्रस्ट, बारा ए, ऐंशी जी, सीएसआर, सगळं ३० हजारात. महिन्यात सर्टिफिकेट." बारा ए, ऐंशी जी म्हणजे आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर म्हणजे कंपन्यांकडून समाजकार्याला मिळणारा पैसा. १८ हजार माझ्या पेन्शनचे, बाकीचे बचत गटातल्या बायांनी जमवले. त्या बायांना तोंड दाखवायला मला आजही जड जातं.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान ७ माणसं लागतात, आम्ही पाचच. "दोन नावं मी टाकतो, नुसती कागदावर," तो म्हणाला. आम्ही हो म्हटलं, आणि घोटाळा तिथंच झाला. घटना, नियमावली, संमतीपत्रं, शपथपत्रं असा गठ्ठा पुढं ठेवून त्यानं "इथं, इथं आणि इथं" करत सह्या घेतल्या. काही पानं कोरी होती. चाळीस वर्षं पोरांना 'वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका' सांगणारा मी, एक ओळ न वाचता सही करत गेलो.

नियमावली पुढं वाचली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. कुठल्या तरी कोकणातल्या संस्थेची नक्कल होती. उद्देशांत 'कोळी बांधवांना जाळी पुरवणे' असं कलम. उन्हाळ्यात टँकरनं पाणी येणाऱ्या गावात!

संस्थेचं प्रमाणपत्र चार महिन्यांनी आलं, तेही झेरॉक्स. मूळ प्रत 'ऑफिसला' आहे म्हणाला. सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिचा अर्ज ३ महिन्यांत द्यायचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं तो दिला, कारण त्यात त्याचाच फायदा होता. नोंद झाली, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक म्हणजे एफ नंबर पडला, आम्ही पेढे वाटले.

खातं उघडायला बँकेत गेलो. साहेबानं परिशिष्ट एकची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल पाहून विचारलं, "सचिव कोण?" मी आमच्या पाचांतल्या एका पोराचं नाव सांगितलं. "इथं तर दुसरंच आहे." सचिव त्या एजंटचा मेहुणा, सदस्य त्याची बायको. नियमावलीत कलम होतं की खात्यावर सचिवाची सही हवीच.

फोन केला तर म्हणतो, "राजीनामे देतो की गुरुजी, २० हजार लागतील." तोवर बारा ए-ऐंशी जीचा अर्ज त्यानं भरलाच नव्हता. आयकर खात्याच्या पोर्टलवर त्या अर्जाला फी नसते. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरही नोंदणी फुकट. सीएसआरचा पैसा घ्यायला तर आमच्यासारख्या संस्थेकडे निदान ३ वर्षांच्या कामाचा इतिहास लागतो, म्हणजे त्याचं 'लगेच सीएसआर' पहिल्या दिवसापासूनच थाप होतं. माझाच एक जुना विद्यार्थी आता वकील आहे, त्यानं हे सगळं पंधरा मिनिटांत सांगितलं. आधी त्याच्याकडं जायचं सुचलं नाही, कारण पोराला फी कशी विचारायची, असा संकोच.

पोलीस ठाण्यात 'हे दिवाणीचं आहे' म्हणून परत पाठवलं. मग सातही जणांना रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवून सभा घेतली. ते दोघे आले नाहीत. त्यांना काढायचा ठराव झाला, इतिवृत्त लिहिलं आणि १९५० च्या कायद्यातल्या कलम २२ खाली, नोंदीतली नावं बदलायचा, बदल अर्ज दाखल केला. असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, तेवढं या वेळी चुकलं नाही. दोघांनी हरकत घेतली आहे. तारखा चालू आहेत.

कार्यालयात चकरा मारताना एकदा नोटीस बोर्डापाशी थांबलो. संस्था नोंदणीला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी मराठीत, ठळक अक्षरांत लावलेली होती. पहिल्या दिवशी मी तिच्याकडं पाठ करून टपरीवर चहा पीत होतो.

बँकेत खातं अजून उघडलेलं नाही. अभ्यासिकेच्या बल्बचे पैसे बाया डब्यात टाकतात, हिशोब मी वहीत लिहितो. पुढची तारीख सोमवारी आहे. पहाटेच्या एसटीनं निघायचंय.