ॲल्युमिनियमचं इंजिन: अकरा वर्षं आणि १,४२,००० किलोमीटरनंतर

माझी गाडी १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. हेडही (इंजिनाचं वरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही (सिलिंडर असलेलं मुख्य अंग), आत फक्त बिडाचे (कास्ट आयर्नचे) लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळकांडी. त्याआधी मी बाबांची जुनी गाडी चालवायचे, तिचा ब्लॉक बिडाचा होता. त्यामुळे दोन्हींचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

पहिला फरक स्टिअरिंगला कळला. नव्या गाडीचं नाक हलकं आहे, वळणावर ती पटकन आत येते. बिडाच्या एका घनसेंटिमीटरचं वजन सुमारे ७.२ ग्रॅम, ॲल्युमिनियमचं २.७. ब्लॉकचं वजन मात्र तेवढ्या प्रमाणात उतरत नाही. मऊ धातू म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात, शिवाय लायनर असतातच. तरी पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो तो होतोच. आवाजात मात्र बीड सरस. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत कंप जिरतो. माझं इंजिन सकाळी सुरू केल्यावर जरा खणखणतं. मला सवय झाली आहे.

खरा विषय उष्णतेचा. ॲल्युमिनियम बिडापेक्षा साधारण तिप्पट वेगानं उष्णता वाहून नेतं, म्हणून हेडसाठी ते उत्तमच. पण तापल्यावर ते फुगतंही बिडाच्या जवळजवळ दुप्पट. हेडचे बोल्ट पोलादाचे, लायनर बिडाचे, अंग ॲल्युमिनियमचं, आणि प्रत्येक जण आपापल्या मापानं ताणला जाणार. ही सगळी ओढाताण हेड आणि ब्लॉकमधलं पातळ गॅस्केट सांभाळतं, तेही कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि आतला धातू गंजू न देणारं द्रव, नीट असेल तोवरच.

७८,००० किलोमीटरला एका गॅरेजमध्ये पाण्याचा पाइप बदलून घेतला. तिथे कुलंटऐवजी नळाचं पाणी भरलं गेलं आणि मी विचारलं नाही. आठ महिन्यांनी कुलंटच्या टाकीतली पातळी दर आठवड्याला उतरू लागली. खाली एक थेंब नाही, पण सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर, म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरत होतं. हेड उतरवलं तेव्हा पाण्याच्या वाटांभोवती धातू अक्षरशः खाल्लेला होता, दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे तर गॅस्केटच्या कडेपर्यंत. हेड वाकलंय का बघायला वर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवलं, तर ०.१२ मिलिमीटरचं पान आरामात गेलं. मर्यादा ०.०५ ची. हेड घासून घेतलं, प्रेशर टेस्ट केली, गॅस्केट आणि बोल्ट नवे टाकले. हे बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात, यावर मी अडून बसले आणि ते बरंच झालं. त्यानंतरच्या ६०,००० किलोमीटरमध्ये तक्रार नाही.

बिडाचं इंजिन अशा चुका बऱ्याच पोटात घालतं, हे घालत नाही. पण म्हणून धातूला नावं ठेवणं मला पटत नाही. १९७१ च्या शेवरले ‘वेगा’ या अमेरिकी गाडीचं उदाहरण लोक अजून देतात. तिच्या ब्लॉकमध्ये सुमारे १७ टक्के सिलिकॉन होतं आणि लायनर नव्हतेच. गाडी तापली की सिलिंडरच्या भिंती खरवडल्या जायच्या. पुढे पोर्शने आपल्या ‘९२८’ या गाडीत त्याच जातीचा मिश्रधातू वापरला आणि ती इंजिनं टिकली. बुइकचं १९६१ चं ॲल्युमिनियमचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन तर ब्रिटनच्या रोव्हरनं विकत घेऊन कित्येक दशकं चालवलं.

स्पार्क प्लग मी स्वतः बदलते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, पहिले आटे बोटांनी बसवून, शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळायचा पाना. गरम हेडमधून प्लग ओढून काढला तर आटेच बाहेर येतात, मग हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवत बसा. ऑइलच्या ड्रेन प्लगलाही हाच नियम, खालचा ऑइलचा चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर जास्तच. हातात जोर असलेला मेकॅनिक इथे नको.

पुढची गाडीही अशाच इंजिनाची घेईन. वापरलेली घेतली तर रंग आणि सीट बघण्याआधी, थंड इंजिनावर कुलंटचं झाकण उघडेन. आत गढूळ तांबूस पाणी किंवा पांढरा थर दिसला, तर ती गाडी मला नको, मीटरवर आकडा कितीही कमी असो.