बाथरूममधले आधाराचे दांडे: पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंतचा अनुभव

घरी ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही बाथरूममध्ये स्टीलचे दोन दांडे बसवले, एक कमोडशेजारी आणि एक अंघोळीच्या जागी. इतके महिने वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की दांडा कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो भिंतीवर नेमका कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचं.

प्लंबर सहसा टाइलच्या रेषेत, दिसायला नीटस अशी खूण करतो. आम्ही त्याला बोलावण्याआधी काही दिवस सासूबाईंचा हात कुठे जातो ते पाहिलं. दाराच्या चौकटीवर तेलकट पंजाचा डाग होताच. कमोडवरून उठताना त्या उजवीकडचा नळ धरत आणि अंघोळीनंतर टॉवेलची दांडी. ती दांडी दोन बारीक स्क्रूंवर असते, माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतेच. त्याच दोन जागी खडूने खुणा केल्या, त्यांना उठा-बसायला लावलं आणि कोपर किंचित वाकलेलं राहील अशी उंची धरली. "दवाखान्यासारखं दिसेल गं" म्हणत होत्या, पण हात आधीच तिथे जात असल्यामुळे पहिल्या दिवसापासून दांडा धरू लागल्या. सवय लावावी लागलीच नाही.

दांडा ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलचा, ३२ मिमी जाडीचा आहे. भिंत आणि दांडा यांत ४० मिमी जागा आहे. जास्त जाड दांड्यावर सुजलेल्या बोटांची मूठ मिटत नाही, आणि फट फार मोठी असेल तर घसरलेला हात आत जाऊन अडकू शकतो. चकचकीत पॉलिशचा घेऊ नका, साबणाच्या हाताने सटकतो. पकडीला खरखरीत असलेला घ्या. व्हॅक्यूमने चिकटणारा दांडा तर अजिबात नको. टाइलच्या सांध्यातून हवा शिरली की तो न सांगता सुटतो.

भिंतीची चौकशी आधी करा. आमच्याकडे एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत आहे. त्यात साधी प्लॅस्टिकची गिट्टी कालांतराने सैल होते, म्हणून केमिकल अँकर (भोकात भरला की घट्ट होऊन स्क्रूला धरून ठेवणारं रसायन) वापरून घेतला. खर्च वाढला, पण इथे काटकसर करू नये. बसवल्यावर पुरतं सुकू दिलं, मग आधी माझ्या नवऱ्याने पूर्ण भार टाकून पाहिला. अजून तसूभर हललेला नाही. स्क्रूही स्टेनलेसचेच मागा, आमच्या दांड्याच्या टोकावरच्या एका टोपीखाली स्क्रूला गंज दिसल्यावर तो बदलावा लागला.

सोबत घेतलेली रबरी मॅट मात्र काढून टाकली. खाली शेवाळ धरतं आणि रोज उचलून वाळवणं होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक अंघोळीनंतर वायपर मारणं बरं. दारातलं गोधडीच्या तुकड्याचं पायपुसणंही गेलं. पलंगापासून बाथरूमपर्यंत सेन्सरचे दिवे लावले, ते उत्तम. चार्जिंगचेच घ्या, वीज गेली तरी लागतात.

दांड्याने सगळं भागत नाही, हेही सांगायला हवं. सासूबाईंना उठल्यावर अंधारी यायची. डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही वेळा बीपी मोजलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर ती धोक्याची खूण असते. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. (गोळी स्वतःहून बंद करू नका.) आता त्या पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसून मगच उठतात. शिवाय दुपारी स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं चालू आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात वृद्धांसाठी घरी करायचा जो व्यायामक्रम तयार झाला, त्यातही पायांची ताकद आणि तोल यांवरच भर आहे.

कमोडशेजारी ३०० मिमीचा दांडा घेतला होता, तो थोडा आखूड वाटतो. नव्याने घेणाऱ्यांनी ४५० मिमीचा घ्यावा, उठता उठता हात पुढे सरकवायला जागा मिळते.